हुल्डाआत्याच्या डोक्यावरचं विमान

३ जून, मंगळवार

ऊम खेरिट, म्हणजे आमचे मॅनेजर, आज विमानाने राजधानीला, विंडहुकला गेले. गुडघ्याची शस्त्रक्रिया, मग विश्रांती, म्हणजे पाच-सहा आठवडे पर्यटकांचा हा कॅम्प माझ्या हातात. जाताना त्यांनी किल्ल्यांचा जुडगा दिला, ही कोरी वही दिली आणि म्हणाले, "वेमुना, डोक्यात राहणार नाही ते हिच्यात लिही. आणि तीन गोष्टी सांभाळ. धावपट्टी, पाण्याची टाकी आणि हुल्डा."

मी हसले. हुल्डा माझी सख्खी आत्या. कोरड्या नदीच्या पलीकडे, धावपट्टीच्या पूर्वेला तिचं आणि थोरल्या बाबांचं, म्हणजे माझ्या मोठ्या काकांचं, घर आहे. माझे वडील गेल्यापासून थोरले बाबाच आमच्या घराण्यातले वडील, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे घराण्याचा आवाज म्हणजे आत्या.

५ जुलैला सगळ्या गावांची सभा आहे. ही जमीन गावांची. कॅम्पचा दहा वर्षांचा करार संपतोय, तो वाढवायचा की नाही हे तिथे हात वर करून ठरणार. "हो" झालं तर ऑफिस मला कायमची मॅनेजर करणार आहे, ऊम खेरिट निवृत्त होणार आहेत. "नाही" झालं तर तंबू उतरवायचे आणि आम्ही एकोणीसजण घरी. आत्याचा हात वर गेला की निम्म्या सभेचा जातो. घरचाच मामला आहे, तेव्हा मला त्याची काळजी नाही. पाण्याच्या टाकीची जास्त आहे.

आठ वर्षांपूर्वी मी इथे भांडी घासायला लागले होते. मधली दोन वर्षं शिकायला विंडहुकला काढली, फेब्रुवारीत परत आले. आल्यापासून आत्याकडे जायचंच आहे, पण पाहुणे काही संपत नाहीत. दोनदा गाडीतून जाताना हात केला. तिने पाहिला असावा.

६ जून, शुक्रवार

नवी पायलट आली. टुयेनी नाव, लांब उत्तरेतल्या ओशाकाटीची, सत्तावीस वर्षांची. हसणं इतकं मोठं की विमानाचं इंजिन बंद झाल्याचं कळतच नाही.

सहा पाहुणे उतरले. सकाळी लाल टेकड्यांवर होते, दुपारी किनाऱ्यावर सील बघून आले, आणि तो वास अजून त्यांच्या कपड्यांना होता. त्यांना त्याचं काहीच वाटत नव्हतं. स्वित्झर्लंडच्या एक निवृत्त शिक्षिका प्रत्येक मुक्कामावर दगड गोळा करतात. माणशी वीस किलोच्या वर सामान चालत नाही, आणि त्यांची पिशवी दर टप्प्याला दोन किलोंनी वाढते आहे. मी म्हटलं, "बाई, वाळवंट इथेच राहू द्या. पुढच्या पाहुण्यांना काय दाखवू?" त्या हसल्या. दगड मात्र एकच काढला, तोही सर्वांत लहान.

हत्तिणींचा कळप संध्याकाळी स्वयंपाकघरामागे आला आणि भांड्यांचं पाणी पिऊन गेला. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला पातेली पुन्हा घासून घ्यावी लागली.

८ जून, रविवार

आत्या आली. गाढवांच्या गाडीतून, पाच परकरांवर पायघोळ झगा, डोक्यावर गाईच्या शिंगांसारखं दोन्ही बाजूंना पसरलेलं शिरोवस्त्र. मोपानेच्या झाडाखाली बसली, पाच चमचे साखर घालून चहा घेतला आणि म्हणाली, "तुझं विमान आमच्या अग्नीच्या आणि वासरांच्या गोठ्याच्या मधून जातं."

मोठं घर, त्याच्यासमोर पूर्वजांचा अग्नी, त्याच्यासमोर वासरांचा गोठा. या रेषेतून कुणी आडवं जात नाही. आमच्याकडे रांगणारं मूलसुद्धा हे आधी शिकतं.

"आत्या, ते मधून नाही जात. वरून जातं."

"मग पूर्वज काय मान खाली घालून बसलेत?"

तिने दुसरा चहा मागितला. "आणि ती चालवणारी कुणाची मुलगी?"

"ओशाकाटीची आहे."

"मी गाव नाही विचारलं."

"नाव टुयेनी. चांगली आहे गं, शिकलेली."

"असेल. तूही विंडहुकहून आलीस म्हणे."

"म्हणे काय? चार महिने झाले की!"

"हो, ऐकलं," ती म्हणाली आणि गाडीत जाऊन बसली.

आत्या थकली आता. मी समोर बसले होते, तरी "ऐकलं" म्हणते. वयाने होतं असं.

११ जून, बुधवार

टुयेनीशी बोलले. तिने माझ्याच टेबलावर मीठदाणी आणि दोन चमचे मांडून समजावलं. विमान वाऱ्याकडे तोंड करून उतरतं. दुपारचा वारा समुद्राकडून, म्हणजे पश्चिमेकडून. म्हणून यायचं पूर्वेकडून. आणि पूर्वेला मीठदाणी, म्हणजे आत्या.

"सकाळी आलीस तर?"

"सकाळी किनाऱ्यावर धुकं असतं, ताई. सील दिसत नाहीत, मला पट्टी दिसत नाही."

तरी ती गुणाची. म्हणाली, उत्तरेकडून येऊन शेवटच्या क्षणी वळून बघते. आज वळली. अग्नीच्या वरून गेली नाही, पण म्युनिकच्या एका गृहस्थांनी दुपारचं जेवण टुयेनीच्या टोपीत परत केलं. आमचा गाईड एल्फास गाडीतून बघत होता. म्हणाला, "अग्नी वाचला, टोपी गेली."

असं रोज करता येणार नाही, असं टुयेनीने हसत, पण स्पष्ट सांगितलं.

१५ जून, रविवार

मॅनेजरने डोकं वापरायचं असतं. मी एल्फासबरोबर आत्याकडे साखर, चहा, बिस्किटांचे दोन डबे आणि एक चांगली घोंगडी पाठवली. तो परत येऊन म्हणाला, "साखर गोड आहे, असं सांग म्हणाल्या."

"बघ! झालं की काम."

"पण त्या बराच वेळ गाडीच्या मागे बघत होत्या. आणखी कुणी उतरतंय का म्हणून."

पिठाची गोणी पण हवी असेल. पुढच्या रविवारी पाठवते.

१९ जून, गुरुवार

आजचा दिवस वहीतून फाडून टाकावासा वाटतो.

विमान उतरण्याआधी अर्धा तास एल्फास पट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गाडी नेतो, ओरिक्स, स्प्रिंगबॉक अशी हरणं हाकलतो, रात्रीत कुणी बीळ उकरलंय का बघतो. आज सगळं साफ होतं. विमान दिसायला लागलं आणि एकदात्या हत्ती झुडपातून निघून ऐन पट्टीच्या मध्यावर आला. तिथे कडेला वाऱ्याची दिशा दाखवणारी पिशवी लावलेला खांब आहे. त्याला पाठ लावून खाजवत उभा राहिला. एल्फासने पातेल्याचं झाकण बडवलं, हॉर्न वाजवला, डमारा भाषेतल्या सगळ्या शिव्या दिल्या. हत्तीने कान हलवले आणि दुसरी बाजू खाजवायला घेतली.

टुयेनीने तीन फेऱ्या मारल्या. तिन्ही आत्याच्या घरावरून, तिन्ही अगदी खालून.

आणि नदीपलीकडे तेव्हा माझ्या चुलतबहिणीच्या मुलीचं बारसं चाललं होतं. अग्नीपाशी थोरले बाबा पाण्याचा भोपळा हातात घेऊन पूर्वजांना तिची ओळख करून देत होते. नाव तोंडातून निघणार तेवढ्यात पहिली फेरी. ते थांबले. पुन्हा सुरुवात केली, दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीला त्यांनी भोपळा खाली ठेवला आणि उठून घरात गेले. पोरगी बिननावाची राहिली.

हे सगळं एल्फासला तिथल्या बायकांनी सांगितलं. आत्याचा निरोप एवढाच: "सभेत भेटू."

मला बारशाचं बोलावणं नव्हतं, हे मला त्याच्याकडून कळलं. मी कामात असते म्हणून बोलावलं नसेल. तरी लागलं.

२० जून, शुक्रवार

ऑफिसचा फोन. "गावाकडचं कसं काय?" मी म्हटलं, "उत्तम."

मग कोठारात जाऊन बटाट्याच्या पोत्यांवर बसून रडले. एकोणीस घरं आहेत. तंबू नंबर चारचं छत माझ्या हाताने शिवलंय मी.

२५ जून, बुधवार

दोन दिवस धुकं आतपर्यंत आलंय. विमान अडकलं, टुयेनी अडकली, पाहुणे मात्र खूश. त्यांना सिंहिणीचे ताजे ठसे मिळाले आणि आता ते प्रत्येक ठशाशेजारी आपला बूट ठेवून फोटो काढतायत.

टुयेनी माझ्याबरोबर बटाटे सोलायला बसली. मी तिला सगळं सांगितलं. वारा, साखर, घोंगडी, बारसं. ती ऐकत राहिली, मग म्हणाली, "ताई, तुमच्या आत्याने मला पाहिलंय का कधी?"

"खालून पाहिलंय की. रोज."

"तसं नाही. आमची आजी अनोळखी माणसाला विहिरीवरून पाणीसुद्धा नेऊ देत नाही. आधी ये, बस, कुणाची कोण ते सांग. मग विहीर तुझीच. मी तर तीन आठवडे त्यांच्या डोक्यावरून जातेय आणि साधं नमस्कार म्हणाले नाही."

मी सुरी खाली ठेवली. कुणाची मुलगी, असं आत्याने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, आणि मी गाव सांगितलं! नवा माणूस आला की त्याला अग्नीपाशी नेऊन ओळख द्यायची, हे आमच्यात दूध पिण्याइतकं साधं. ते ओशाकाटीच्या पोरीने मला शिकवावं? एल्फासला कळलं तर वर्षभर चिडवेल. त्याला सांगणार नाही.

परवा टुयेनीला घेऊन जाते.

२७ जून, शुक्रवार

सकाळी गेलो. टुयेनीला मी माझा लांब झगा घातला, तो तिला दोन ठिकाणी पिनांनी आवळावा लागला. घराला मागून वळसा घालून, रेषा न ओलांडता, अग्नीच्या योग्य बाजूला गेलो. मी मनाशी छान भाषण तयार केलं होतं.

थोरले बाबा लाकडी ओंडक्यावर बसले होते, आत्या शेजारी उभी. मी म्हटलं, "थोरले बाबा, ही टुयेनी, विमान चालवते. हिची ओळख द्यायला आणली आहे."

बाबांनी हात कानामागे धरला. आत्याने त्यांच्या कानात ओरडून सांगितलं. त्यांनी टुयेनीकडे पाहिलं, छान हसले. मग माझ्याकडे बोट केलं. "आणि हिला कोण घेऊन आलंय?"

मला वाटलं, त्यांची नजरही गेली. "बाबा, मी वेमुना!"

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्यांना कुणी सांगितलं?" आणि त्यांनी अग्नीकडे मान हलवली.

गोठ्यात एक वासरू हंबरत होतं. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे, जून. मी दोन वर्षं लांब राहून आले, पाच महिने नदीच्या अलीकडे राहिले, आणि मी आले आहे हे घरी सांगितलंच नव्हतं. घोंगडी पाठवली होती. माझे कान तापले. मी टुयेनीसमोर, माझ्याच झग्यातल्या टुयेनीसमोर, गुडघ्यांवर बसले.

"परकी पोर थांबेल जरा," आत्या म्हणाली. "तिला घाई नाही. घाई आमच्याच पोरींना असते."

बाबांनी तोंडात पाणी घेतलं आणि माझ्या चेहऱ्यावर, हातांवर फवारलं. थंडगार. ओळख द्यायची आमची रीत हीच. मग अग्नीशी बोलले, शेजारच्या माणसाशी बोलावं तसं. "ही वेमुना. तुमच्या धाकट्याची. शिकायला गेली होती, आता मोठ्या कामावर आहे. उशिरा आली, पण पायांनी आली."

मला रडू आलं. पाणी होतंच तोंडावर, त्यामुळे कुणाला कळलं नाही, असं मी धरून चालते. आत्याने आपल्या झग्याच्या टोकाने माझं तोंड पुसलं, चांगलं खसखसून, लहानपणी पुसायची तसंच.

मग टुयेनीची पाळी. तिच्या आईचं नाव, आजीचं नाव, आजीच्या गाई किती, सगळं विचारून झालं. आजीकडे तीसच्या वर गाई आहेत म्हटल्यावर आत्या एकदम मवाळ झाली.

निघताना मी विचारलं, "आत्या, सभेत मग...?"

"सभेचं सभेत," ती म्हणाली.

२८ जून, शनिवार

थोरल्या बाबांचं म्हणणं पडलं की पोरीची ओळख झाली, पण घरावरून जातं ते विमान. त्याचं काय? तेव्हा गाढवगाडीतून ते स्वतः धावपट्टीवर आले. विमानाभोवती एक फेरी मारली, चाकाला काठी टोचून पाहिली, बैलाचे दात बघावेत तसं पंख्याकडे वाकून पाहिलं.

टुयेनी माझ्या कानात म्हणाली, "पाणीच आहे ना? मग काही हरकत नाही."

बाबांनी विमानाच्या नाकावर फवारा मारला. पूर्वजांना सांगितलं, हे मोठ्याने बोलतं, पण स्वभावाने गरीब आहे. स्वित्झर्लंडहून आलेल्या त्या बाई परतीच्या वाटेवर पुन्हा आमच्याकडे आहेत. त्यांनी विचारलं, आता माझे दगड नेले तर चालतील का? आत्याने दगड बघायला मागितले, एकेक हातात घेऊन पाहिला आणि तीन सोडून सगळे काढून ठेवले. मी जे करू शकले नाही ते तिने दोन मिनिटांत केलं.

सभेबद्दल एक अक्षर नाही.

३ जुलै, गुरुवार

एल्फास सांगत होता, नदीपलीकडे कालपासून माणसं काटेरी फांद्या तोडून ओढतायत. म्हणजे सिंह पुन्हा वासरांच्या वासावर आलेत आणि गोठा मजबूत करणं चाललंय. पाहुण्यांना रात्री एकटं फिरू नका म्हणून सांगितलं. ते फारच आनंदले.

परवा सभा.

५ जुलै, शनिवार

सभा सत्तर किलोमीटरवर. दरवर्षी ट्रक येतो, पण आत्याने सकाळी कॅम्पवर येऊन जाहीर केलं, "विमान ओळखीचं झालंय. मी त्यानेच येणार." जुने पाहुणे काल गेले, नवे उद्या येणार, विमान दिवसभर मोकळं. टुयेनीने हो म्हटलं.

विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचं वजन लिहावं लागतं. हे आत्याला कोण सांगणार? एल्फासला एकदम गाडीखाली तेल गळताना दिसलं, तो तिकडे गेला. टुयेनीनेच जवळ जाऊन अदबीने विचारलं. आत्याने तिच्या कानात आकडा सांगितला. टुयेनीचा चेहरा जराही हलला नाही. तिने लिहिलं आणि म्हणाली, "एल्फास, तू ट्रकने ये."

मग शिरोवस्त्र. ते दारातून जाईना. काढायचं नाव काढलं तर आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी आकाशाकडे बघायला लागले. शेवटी ती आडवी होऊन, आधी एक शिंग मग दुसरं, अशी आत शिरली. उड्डाणभर माझ्या डोळ्यांत एक टोक होतं.

वर गेल्यावर ती खिडकीकडे वळली. खाली कोरड्या नदीची हिरवी कड, जिराफ, मग नुसते लाल डोंगर. "एवढं आहे होय आपलं," ती म्हणाली.

सभेत झाडाखाली दोनशे माणसं. आमचा विषय आला तशी आत्या उठली. म्हणाली, "मी या कॅम्पविरुद्ध बोलायची महिनाभर तयारी केली आहे. ती वाया घालवणार नाही." आणि अर्धा तास बोलली. विमानाचा आवाज, घाबरलेल्या शेळ्या, बारसं, शिकून आलेल्या पोरी ज्यांना साखर पाठवता येते पण स्वतःला आणता येत नाही. लोक हसत होते, माझ्याकडे वळून बघत होते. मला भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

"हे झालं आधीचं," ती म्हणाली. "आता विमान आमच्या घरचं आहे आणि ही पोरगीही घरी आली आहे. घरच्यांचे कान उपटायचे असतात, त्यांना हाकलायचं नसतं." आणि तिने हात वर केला.

मी हात मोजायला उभी होते, पण मला दिसेनाच. ट्रकमधून आलेल्या एल्फासने मोजले. चार सोडून सगळे.

परत येताना दुपारचा वारा समुद्राकडून. टुयेनी पूर्वेकडून खाली यायला लागली तसा मी श्वास रोखला. अजून तो प्रश्न सुटलेलाच नव्हता. अग्नी तिथेच, घर तिथेच, आणि आता तर विमान घरचं, म्हणजे त्याला माफीही नाही. मी खाली पाहिलं. जुन्या गोठ्याच्या जागी वाळूवर नुसतं शेणाचं काळं वर्तुळ होतं. नवा गोठा, ताज्या काट्यांचा, अग्नीच्या बाजूला पन्नास पावलं अलीकडे होता. घर, अग्नी, गोठा, तीच रेषा, फक्त आखूड. आम्ही गोठ्याच्या मागून, त्या काळ्या वर्तुळावरून गेलो. थोरले बाबा अंगणात उभं राहून काठी हलवत होते.

"आत्या! हा कधी हलवला?"

"बुधवारपासून चाललंय. तू आलीस कुठे बघायला?"

"मग आधीच का नाही हलवलात? माझा महिना गेला गं झोप न लागता!"

तिने शिरोवस्त्र सरळ केलं. त्याचं टोक पुन्हा माझ्या डोळ्यात गेलं. "परक्यासाठी कोण काट्यांत हात घालतं?"

६ जुलै, रविवार

ऊम खेरिटना फोन केला. ते विचारायच्या आत मीच सांगितलं, टाकी भरलेली आहे, पट्टी साफ आहे, आणि हुल्डाला आज दुपारी भेटतेय.

राहून गेलेल्या बारशाला आज मला बोलावणं होतं. आत्याने स्वतः सांगितलं होतं, लवकर ये आणि हात हलवत ये, डबे नकोत. मी अग्नीच्या योग्य बाजूला, बहिणीशेजारी बसले. थोरल्या बाबांनी पाण्याचा भोपळा उचलला, पोरीला मांडीवर घेतलं. तेवढ्यात पूर्वेकडून टुयेनी आली, नवे पाच पाहुणे घेऊन, गोठ्याच्या मागून, नेहमीच्याच आवाजात.

बाबा थांबले नाहीत. नाव सांगून मोकळे झाले. माझ्याखेरीज कुणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.